केसपेपरवरील एका शब्दाची किंमत

प्रतिनिधी, मुंबई

‘सायनस झाला’ असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक सायनस हा आजारच नव्हे. नाकाभोवतालच्या हाडांतील या पोकळ्या प्रत्येकालाच असतात. आजार म्हणजे त्यांच्या अस्तराचा दाह, अर्थात सायनुसायटिस. बोलण्यातली ही चूक निरुपद्रवी आहे. मात्र हाच मोघमपणा डॉक्टरांच्या केसपेपरवर उतरला, की त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे ‘आयसीडी-१०’मध्ये, तीव्र सायनुसायटिसला ‘जे ०१’, तर जुनाट विकाराला ‘जे ३२’ हा संकेतांक आहे. पुढचा अंक जागा सांगतो : गालामागील पोकळीसाठी शून्य, कपाळातील पोकळीसाठी एक. जागा नोंदवलेलीच नसेल, तर नऊ. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून याच वर्गीकरणाची विस्तारित आवृत्ती लागू केली. तिथे तीव्र दाह वारंवार उद्भवणारा आहे का, हेही पाचव्या स्थानावरील अंकातून कळते. तेथील रुग्णालयांच्या कोडिंगचे बरेच काम भारतातील शहरांत चालते. त्या कोडरना पहिला धडा मिळतो तो हाच, की डॉक्टरांनी जे लिहिले नाही, ते आपण गृहीत धरायचे नाही.

आपल्याकडे याचे महत्त्व अद्याप पुरेसे उमगलेले नाही. आरोग्यविम्याच्या दाव्याच्या प्रमाणित अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात ‘आयसीडी-१०’ संकेतांकाचा रकाना आहे. २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत कान, नाक, घशाच्या साध्या विकारांसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, तर पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कमाल ३६ महिने असू शकते. अशा वेळी ‘बऱ्याच वर्षांपासून त्रास’ एवढेच घाईने लिहिलेले वाक्य पुरेसे ठरते. त्रास सर्दीचा, अॅलर्जीचा की सायनसचा, निदान कधी झाले, उपचार कोणते घेतले, यातले काहीच त्यातून स्पष्ट होत नाही. शंकेला मात्र जागा मिळते.

वैद्यकशास्त्राने या सीमारेषा बऱ्याच अंशी आखून दिल्या आहेत. चार आठवड्यांच्या आतील दाह तीव्र. बारा आठवडे वा अधिक काळ टिकणारा जुनाट. जुनाट म्हणण्यासाठी केवळ तक्रारी पुरत नाहीत. दुर्बिणीच्या तपासणीत वा सीटी स्कॅनमध्ये दाहाचा पुरावा दिसावा लागतो. म्हणजे लक्षणे केव्हा सुरू झाली, दाह कोणत्या पोकळीत आहे आणि तपासणीत काय आढळले, एवढ्या तीन नोंदींनी बहुतेक संदिग्धता संपते.

हा प्रश्न एकट्या विम्याचाही नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने सायनसमधून डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत मजल मारली. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार ‘नोंदणीयोग्य’ जाहीर करण्यास सांगितले. अॅम्फोटेरिसिन-बी या दुर्मीळ झालेल्या इंजेक्शनचे वाटप राज्यांतील रुग्णसंख्येच्या आधारे होत होते. नाक व मेंदूतील या बुरशीला ‘बी ४६.१’ असा स्वतंत्र संकेतांक आहे. अशा काळात एखादा रुग्ण नुसता ‘सायनुसायटिस’ म्हणून नोंदला गेला, तर तो मोजणीतूनच निसटतो.

बाह्यरुग्ण विभागात रांग लावून उभ्या असलेल्या रुग्णांपुढे डॉक्टरांना तपशील लिहायला उसंत नसते, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणून दावा मंजूर होईल असे निदान लिहून घेणे मात्र सरळसरळ फसवणूक ठरेल. अपेक्षा आहे ती फक्त जे आहे ते पूर्ण लिहिले जाण्याची. रुग्णानेही घरी जाण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड वाचून पाहावे आणि निदान, कालावधी वा तपासणीचा निष्कर्ष राहून गेला असल्यास तिथेच विचारावे. दावा फेटाळल्यानंतर करावयाच्या पत्रव्यवहारापेक्षा हे दोन मिनिटांचे काम केव्हाही सोपे.