रस्त्याला चौदा दिवस पाणी

आपल्या शाळेतून शिकून गेलेले कित्येक जण आज अभियंते, ग्रामसेवक, सरपंच आहेत. त्यांच्यापुढे आणि पालकांपुढे आम्ही एक साधा विषय मांडू इच्छितो : गावातील सिमेंटचा रस्ता.

मराठवाड्यात असे रस्ते पुष्कळ झाले. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेतून ते आपल्या दारापर्यंतही आले. पण अनेक ठिकाणी दोन-तीन पावसाळ्यांतच खडी उघडी पडते. उद्घाटनाची कोनशिला तेवढी शाबूत राहते. सारा दोष ठेकेदारावर ढकलून भागत नाही. निधी मार्चअखेर खर्ची पडायचा म्हणून काम निघते ऐन उन्हाळ्यात, गाव टँकरची वाट पाहत असताना. काँक्रीट वाळून पक्के होत नसते. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते पक्के होते. त्याची ताकद 28 दिवसांनी मोजतात आणि किमान 14 दिवस त्याला ओलावा लागतो. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ती काढून मुरूम दाबून भरला नाही, कडेने गटार काढले नाही, तर वरचा थर कितीही चांगला असला तरी तडकतोच.

लोकसहभागाच्या नावाखाली हातावर पोट असणाऱ्यांकडून फुकट श्रम मागणे आम्हाला पटत नाही. अंदाजपत्रक चावडीवर वाचून घ्यावे, थराची जाडी टेपने मोजावी, आपल्या दारापुरते गोणपाट ओले ठेवावे. सहभाग तो हाच. नळाची व सांडपाण्याची वाहिनीही आधीच टाकून घ्यावी, कारण नवा रस्ता पाइपसाठी फोडणे आपल्याकडे नित्याचेच झाले आहे. वाळूजजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी वेळेवर कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत देण्याची प्रथा पाडली. घरपट्टी भरणारा माणूस हिशेबही हक्काने विचारतो.

राहिला क्रमाचा प्रश्न. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने 2020 साली घेतला. पाट्या बदलल्या, तरी रस्त्याचे काम मुख्य चौकातून सुरू होते आणि शेवटच्या वस्तीजवळ येईतो निधी संपतो, हा अनुभव अनेकांना आहे. म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या माणसांनी दोन ठराव मांडावेत : काम नोव्हेंबर ते जानेवारीत, विहिरींना पाणी असताना व्हावे आणि त्याची सुरुवात शेवटच्या घरापासून व्हावी.