पहिली गोळी कोणाची?

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांची पहिली गोळी म्हटले की कॉर्पोरल एडवर्ड थॉमस या गोऱ्या शिपायाचे नाव पुढे येते. २२ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील कास्तो येथे त्याने ती झाडली. तेथे स्मारकशिला उभी आहे. शिलेवरचा दावा युरोपात उतरलेल्या फौजेपुरताच आहे. पण सांगणाऱ्यांनी तो साऱ्या साम्राज्याचा करून टाकला.

वस्तुस्थिती वेगळी आहे. त्याआधी पंधरा दिवस, ७ ऑगस्टला, पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट रेजिमेंटची एक छोटी तुकडी सीमा ओलांडून टोगोलँड या जर्मन वसाहतीत शिरली. जर्मनांच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्याला गोळीने उत्तर दिले ते अल्हाजी ग्रुन्शी या काळ्या सैनिकाने! ब्रिटिश फौजेची या युद्धातील जमिनीवरची पहिली गोळी ती हीच. २६ ऑगस्टला टोगोलँड शरण आले.

या शौर्याचे मोल काय मिळाले? जिंकलेला मुलूख ब्रिटन आणि फ्रान्सने वाटून घेतला. तेथील माणसांना कोणी विचारले नाही. दुसऱ्या महायुद्धातही गोल्ड कोस्टचे सैनिक ब्रिटिशांसाठी लढले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा शहरात हेच माजी सैनिक आपल्या हक्काच्या मागण्यांचा अर्ज घेऊन गव्हर्नरकडे निघाले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिघे ठार झाले. त्या संतापातून स्वातंत्र्याची मागणी पेटली आणि १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला.

ही कथा आम्हाला परकी वाटत नाही. त्याच पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडीत काढली गेली. सुभेदार रामजींच्या पुत्राने यातून नेमका धडा घेतला. बाबासाहेब पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गात बसले नाहीत. त्यांनी सैन्यभरतीचा हक्क मागितला, राजकीय सत्तेत वाटा मागितला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

आम्ही एवढेच म्हणतो, सत्तेशिवायचे शौर्य मालकाच्या खात्यावर जमा होते. ग्रुन्शीला अभिवादन करावेच. पण बंदूक कोणाच्या हाती होती यासोबत हुकूम कोणाचा होता, हेही विचारायला शिकावे.