शिकाऱ्याची बंदूक आणि भयाची बंदूक

अमेरिकेतील बंदुकांचा वाद आपल्याकडे बहुधा ‘बंदूक हवी की नको’ एवढ्याच प्रश्नापाशी थांबतो. ती कशासाठी हवी, या प्रश्नाचे तिथले उत्तर मात्र एका पिढीत पालटले आहे. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्ट यांच्या १९९९ सालच्या पाहणीत ४९ टक्के बंदूकधारकांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले होते आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०२३ साली, प्रश्नाची मांडणी काहीशी वेगळी असली तरी, ७२ टक्के लोकांनी संरक्षणाला प्रमुख कारणांत स्थान दिले, तर शिकारीला ३२ टक्क्यांनी. मधल्या काळात, २००८ साली, ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला.

तरीही बंदुकीचे समर्थन करताना आधार घेतला जातो तो शिकारीच्या प्रतिष्ठेचा. ही प्रतिष्ठा आली कुठून? फॉकनरच्या ‘द बेअर’ या १९४२ सालच्या कथेतील मुलगा जुन्या अस्वलाच्या शोधात बंदूक मागे ठेवून रानात शिरतो. पुढे घड्याळ आणि होकायंत्रही झुडपावर टांगतो, तेव्हा कुठे त्याला अस्वल दिसते. शिकारीची परंपरा मोठी ठरते ती अशा संयमामुळे. कायद्यालाही हा संयम ठाऊक आहे. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये साधारणतः तीनच काडतुसे भरण्याची मुभा असते; हंगाम ठरलेला, पक्ष्यांची संख्याही ठरलेली.

भयाला असा हंगाम नसतो. आडरानात राहणाऱ्या, पोलीस वेळेत पोहोचणार नाहीत हे जाणणाऱ्या माणसाची भीती खोटी म्हणता येणार नाही. परंतु न दिसणाऱ्या शत्रूसाठी किती काडतुसे पुरेशी, हे कोण सांगणार? २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. शिकारीचे गुणगान करणाऱ्या हेमिंग्वेनेही १९६१ साली आपल्याच शॉटगनने जीवन संपवले. घरातली बंदूक घरच्यांवरच उलटू शकते. मग ती कोणत्याही हेतूने घेतलेली असो.

स्वसंरक्षणाचा युक्तिवाद ज्यांना करायचा आहे त्यांनी तो जरूर करावा. मात्र तो स्वतःच्या बळावर करावा. शिकाऱ्याची प्रतिष्ठा हवी असेल, तर बदकांसाठी पाळली जाणारी मर्यादा माणसांसाठीही मान्य करावी लागेल.