जुने, जुनाट आणि माळवद

मराठीत 'जुने' या एका गुणासाठी जितकी विशेषणे आहेत, तितकी 'नवे' यासाठी नाहीत. जुना, जुनाट, जुनापुराणा, जीर्ण, पुरातन, प्राचीन, पारंपरिक, बुरसटलेला, कालबाह्य, जुन्या वळणाचा... वर्गात ही मालिका फळ्यावर लिहिली की विद्यार्थी ती समानार्थी शब्द म्हणून उतरवून घेतात. परीक्षेपुरते ते खपूनही जाते. वस्तुतः हे शब्द समानार्थी नाहीत, आणि त्यांतला कोणता शब्द कशाला लावायचा हे त्या वस्तूच्या वयावरून क्वचितच ठरते. वस्तू कोणाची आहे यावरून ते ठरते, असे नांदेड आणि लातूर इथे बरीच वर्षे मराठी शिकवल्यावर आम्हा दोघांचे मत झाले आहे.

'जुना' हा शब्द संस्कृतातल्या 'जीर्ण'च्या कुळातला. प्राकृत 'जुण्ण'वरून तो आपल्याकडे आला. म्हणजे झिजण्याचा, विरण्याचा अर्थ त्याच्या मुळातच होता. पण मराठीने तो अर्थ पुसून टाकला. जुना तांदूळ, जुना मित्र, जुनाजाणता माणूस यांत कमीपणा तर नाहीच, उलट गौरव आहे. मग दोष दाखवायला 'जुनाट' हा शब्द उपयोगी पडला. आजार जुनाट असतो, विचार जुनाट असतात. 'पुराण' म्हणजेही निव्वळ जुने. पण 'पुराणमतवादी' ही शिवी झाली. शब्द बिचारे निरपराध असतात.

याच प्रकारातली एक जोडी आमच्या भागात रोज कानावर पडते. 'गावठी' आणि 'गावरान'. दोघांचेही मूळ गावच. तरी कोंबडी गावरान, तूप गावरान, आणि दारू मात्र गावठी, कट्टा गावठी, माणूसही गावठी. जे शहराच्या ताटात पडते ते गावरान होते, जे शहराच्या डोळ्यांत खुपते ते गावठी राहते. 'देशी'ची गत तर आणखी गमतीची आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादानंतर चर्चासत्रांत हा शब्द मानाने मिरवू लागला. पण सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर त्याची पाटी अजूनही सरकारमान्य दुकानावरच दिसते. असो.

देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कोणीही पाहावे असे आहे. त्याला कोणी जुनाट म्हणत नाही. ते 'प्राचीन' आहे, आणि बहुतेकांच्या तोंडी 'हेमाडपंती'. मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे नंतरचा. पण काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणून मोकळे व्हायचे, अशी आपली रीत. गौरवाचा शब्दही चौकशी टाळायला कसा कामी येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

निंदेच्या शब्दाने चौकशी टाळली, तर काय होते? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. ती घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि माळवदाची होती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, फळ्या आणि वर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा असे. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी मातीची नवी भर पडे, आणि तसे ते वर्षानुवर्षे जड होत जाई. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर असत. मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुधा नसत. हादऱ्याने हे थर सुटले. मात्र खांब-तुळयांचा सांगाडा जिथे पक्का होता, तिथे भिंती ढासळूनही माळवद उभे राहिल्याचे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना दिसले होते.

इतका तपशील आम्ही मुद्दाम देतो आहोत. दोष होता, आणि तो जीवघेणा होता. पण तो अमुक जागी होता. बोलण्यात मात्र 'जुनाट मातीची घरे' एवढेच उरले, आणि घराबरोबर ते बांधणारे व त्यांत राहणारेही त्याच विशेषणाखाली गेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. माळवदाकडे परत जा असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी त्याखालून माणसे काढली, त्यांना तसे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमची तक्रार विशेषणाविषयी आहे. आणि 'पारंपरिक' या शब्दाविषयीही तितकीच. आता महामार्गावरच्या हॉटेलांना 'पारंपरिक वाड्या'चे दर्शनी भाग लागतात. त्या शब्दालाही भिंतीत काय भरले आहे हे पाहायची गरज वाटत नाही.

हे लिहिताना आम्हाला स्वतःचीच एक गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाला 'आमचे घर' हा निबंध दिला होता. भूकंपानंतर जन्मलेल्या, पुनर्वसित गावातल्या एका मुलीने आपल्या सिमेंटच्या घराविषयी लिहिले. त्यात 'माळवद' हा शब्द तीनदा आला होता. आम्हा दोघांपैकी एकाने (कोणी, ते इथे नको) तिन्ही ठिकाणी लाल शाईने तो खोडून 'छत' असे लिहिले, आणि समासात शेरा मारला: 'ग्राम्य.' काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष मानला आहे, हे आम्ही शिकवतोच. शेरा मारताना हात अडखळला नाही.

वही परत मिळाल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली. म्हणाली, "सर, छत आम्ही म्हणतो. आजी माळवदच म्हणते. कुरडया घालायला रोज वर जाते ना, तेव्हा."