सहा म्हणजे नक्की किती?

सप्टेंबर 2025मध्ये डेन्मार्कमधल्या व्होयेन्सला बार्तोश झ्मार्झलिकने सहावं विश्वविजेतेपद घेतलं आणि स्पीडवेच्या चाहत्यांचा आवडता तक्ता पुन्हा बाहेर निघाला. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर, सहा. स्वीडनचा टोनी रिकार्डसन, सहा. पोलंडचा झ्मार्झलिक, सहा. (मेजरचं स्पेलिंग बघून ‘मॉगर’ म्हणावंसं वाटतं, पण उच्चार मेजरच.) झ्मार्झलिकने सातवं घेतलं की विषय संपला, सर्वकालीन महान तोच.

हा तक्ता बघून माझं डोकं फिरतं. सचिन की विराट, हा वाद नुसती शतकं मोजून मिटवणाऱ्या काकांसमोर बसल्यावर फिरतं तसंच.

स्पीडवे कधी पाहिलं नसेल तर आधी हे ऐका. 500 सीसीची मोटरसायकल, गिअर एकच, ब्रेक नाही. कमकुवत ब्रेक नव्हे, ब्रेकच नाही. इंधन मिथेनॉल. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, साधारण मिनिटभरात खेळ खलास. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं उलट दिशेला ठेवायचं आणि लोखंडी तळ लावलेला डावा बूट मातीवरून ओढत न्यायचा. पहिल्याला 3 गुण, मग 2, मग 1, शेवटच्याला भोपळा. सुरुवातीची दोरी उडाली आणि तुम्ही डोळ्यांचं पातं लवेपर्यंत उशीर केलात, तर उरलेलं मिनिट पुढच्याने उडवलेली माती खात काढायचं.

1994पर्यंत जगज्जेता एका रात्रीत ठरायचा (1987चा दोन दिवसांचा अपवाद सोडला तर). 16 स्वार, 20 शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. वर्षभर पात्रता फेऱ्यांतून रडतखडत तिथवर पोहोचायचं आणि मग हातात फक्त पाच मिनिटं. साखळी तुटली, क्लच जळला, शेजारचा तुमच्यावर येऊन पडला, तर पुढच्या वर्षी या. 1995पासून ग्राँप्री आली. आता मोसमभर फेऱ्या होतात, गुण साठत जातात, एखादी रात्र फसली तरी भरून काढता येते.

2023 आठवा. व्होयेन्सच्या फेरीत झ्मार्झलिकला चुकीचा रेसिंग सूट घातला म्हणून बाहेर काढलं. त्या रात्रीचे गुण शून्य. तरीही त्या वर्षी विजेता तोच, कारण पुढची फेरी शिल्लक होती. मेजरच्या जमान्यात अंतिम रात्री असं झालं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं. 1973मध्ये होझूच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये मेजर आणि पोलंडचा येझी श्चाक्येल यांचे गुण सारखे झाले, निकालासाठी जादा शर्यत झाली आणि पुढे जायच्या नादात मेजर पडला. संपलं. तक्त्यात त्या पडण्याची किंमत एक अख्खं विजेतेपद आहे.

म्हणून जुने ते सोने, असं मला म्हणायचं नाहीये. जुन्या अंतिम फेरीत जागा प्रदेशवार वाटलेल्या असायच्या, त्यामुळे तगडे स्वार घरी आणि बेताचे ट्रॅकवर, असंही व्हायचं. ग्राँप्रीत लपायला जागा नाही. 2025मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झने सलग पाच फेऱ्या जिंकल्या आणि तरी झ्मार्झलिकने त्याला एका गुणाने मागे ठेवलं. इतके महिने तो दाब झेलणं सोपं नाही. पण हे वेगळं काम आहे. वर्षभराची हजेरी आणि एका दुपारचा बोर्डाचा पेपर यांचे मार्क एका रकान्यात मांडून बेरीज कोण करतं?

बरं, विजेतेपद मुळात तरी खरं बोलतं का? 1936, वेम्बली, पहिली जागतिक अंतिम फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने पाचही शर्यती जिंकल्या. त्या रात्री त्याला कुणीच हरवलं नाही. आणि तो तिसरा आला! आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण धरले गेले, लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन त्याच्या वर गेले, आणि जादा शर्यतीत व्हॅन प्राग विजेता ठरला. विल्किन्सनला 1938मध्ये हक्काचं मिळालं, पण हिशेब पहिल्याच रात्री चुकला होता. पुढे युद्धामुळे 1939 ते 1948 स्पर्धाच नाही. व्हिक डुगनने 1948ची ब्रिटिश रायडर्स चॅम्पियनशिप जिंकली. तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य.

सगळ्यात जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा येतो. पीटर क्रेव्हन दोनवर थांबतो, म्हणून तो यादीत खाली. तो का थांबला? 1963मध्ये एडिनबर्गला समोर पडलेल्या स्वाराला वाचवायला त्याने गाडी वळवली, कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. वय 29. डेन्मार्कचा एरिक गुंडरसन तीनवर थांबला, कारण 1989मध्ये ब्रॅडफर्डला पहिल्याच वळणावर झालेल्या अपघातात त्याची कारकीर्द संपली. ‘फक्त तीन’ लिहिणाऱ्याने निदान ‘फक्त’ तरी खोडावं.

मग माझा माणूस कोण? ओवे फुंडिन. स्वीडनचा, तांबूस केसांचा, नावावर पाच विजेतेपदं, म्हणजे तक्त्यात चौथा. आता हे बघा: 1956 ते 1965, सलग दहा वर्षं, तो पहिल्या तिघांत होता. एका रात्रीच्या, पाच शर्यतींच्या जुगारात दहाच्या दहा वर्षं. मेजरची अशी सलग मालिका आठ वर्षांची, 1967 ते 1974, तीही अचाटच. पण दहा ते दहा. आणि समोर कोण? बॅरी ब्रिग्ज, रॉनी मूर, क्रेव्हन, ब्यॉर्न क्नुट्सन. झाडून सगळे जगज्जेते. स्पर्धा तेव्हा मोजक्या देशांची होती, हा आक्षेप मला मान्य आहे. पण लोखंडी पडद्यापलीकडून इगोर प्लेखानोव आला आणि 1964, 1965 अशी दोन्ही वर्षं दुसरा आला, तेव्हाही फुंडिन तिसरा होताच.

1966मध्ये पहिल्या तिघांत त्याचं नाव नव्हतं. संपला म्हातारा, असं वाटावं अशीच वेळ. 1967मध्ये वेम्बलीवर 34 वर्षांचा फुंडिन आपल्याच देशाच्या बेंग्ट यान्सनबरोबर बरोबरीत आला आणि जादा शर्यत जिंकून पाचव्यांदा जगज्जेता झाला. त्या रात्री तिसऱ्या पायरीवर एक न्यूझीलंडर उभा होता, आयव्हन मेजर. त्याचं पहिलं विजेतेपद पुढच्या वर्षी आलं.