‘रूम टेम्परेचर’चा चुंबक शिरड शहापूरच्या मे महिन्यात टिकेल का?

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणं नवं नाही. भर दुपारी बाइकच्या होल्डरला लावलेला मोबाइल तापून बंद पडतो, हेही नवं नाही. ‘अणूइतका पातळ चुंबक, तोही रूम टेम्परेचरला!’ अशी रील समोर आली की हीच दुपार आठवा. प्रयोगशाळेतली ‘रूम’ म्हणजे साधारण २७ अंश सेल्सियस. आपल्याकडे एवढं तापमान पहाटे असतं.

नेमकं सापडलंय काय?

वहीच्या पानांसारखे थर सुटे करता येतील असे चुंबकीय पदार्थ. २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर चुंबक असल्याचं दिसलं, पण उणे २२८ अंशांखाली. मग २०२२ मध्ये चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी लोह, गॅलियम आणि टेल्युरियमचा थरांचा पदार्थ समोर आणला. त्याचं चुंबकत्व ७७ ते १०७ अंशांपर्यंत टिकतं. म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा त्याला किरकोळ.

मग मेख कुठे आहे?

हा आकडा जाड स्फटिकाचा आहे.

ज्या तापमानाला चुंबकत्व संपतं त्याला क्युरी तापमान म्हणतात. तिथे पोहोचण्याआधीच चुंबकत्व उतरायला लागतं. आधी हळूहळू, शेवटी घसरगुंडी. ही घसरण कशी होते, ते शास्त्रज्ञ ‘बीटा’ या आकड्यात मोजतात. एकाच सपाट थराच्या आदर्श गणितात तो ०.१२५ येतो, तिन्ही दिशांना पसरलेल्या चुंबकात साधारण ०.३३ ते ०.३७. त्यामुळे थर सुटेसुटे वागतात की एकमेकांना धरून, याचा अंदाज बीटावरून येतो.

आणि खरा प्रश्न या धरून राहण्याचाच आहे. थर कमी करत गेलं की आधार सुटतो, क्युरी तापमान खाली येतं. याच पदार्थाचा एकच थर उरला, तर ते सुमारे उणे ३३ अंशांवर उतरतं. रीलमधले दोन्ही दावे खरे, पण एकाच नमुन्याचे नाहीत!

इलेक्ट्रिक स्कूटरला उपयोग?

नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात निर्बंध आणले, तेव्हापासून चुंबकाची कुठलीही बातमी त्याला जोडली जाते. मोटरमधले निओडिमियमचे चुंबक वेगळे. हे पातळ थर मेमरी चिप आणि सेन्सरसाठी आहेत, आणि चालू मोबाइलच्या आतली चिप खोलीपेक्षा बरीच गरम असते.