आधी कौल, मग करार

माननीय आंतोनियो गुटेरेस,
महासचिव, संयुक्त राष्ट्रे, यांस



पश्चिम सहाराबद्दल आपल्याला लिहिणारा मी एक मराठी माणूस. त्या वाळवंटाशी माझा थेट संबंध काही नाही. पण एखाद्या मुलखाचे भवितव्य तिथल्या माणसांना विचारून ठरवायचे की परस्पर उरकायचे, हा प्रश्न आमच्या कोकणपट्टीला नवा नाही, आणि पोर्तुगालचे माजी पंतप्रधान म्हणून आपल्यालाही नाही. तेवढ्या ओळखीवर लिहितो आहे.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने २७९७ क्रमांकाचा ठराव केला. अकरा देश बाजूने, रशिया, चीन आणि पाकिस्तान तटस्थ. शेजारचा अल्जीरिया मतदानात उतरलाच नाही. मोरोक्कोने २००७ साली मांडलेली स्वायत्ततेची योजना वाटाघाटींचा पाया धरावी, मोरोक्कोच्या सार्वभौमत्वाखाली खरीखुरी स्वायत्तता हा सर्वांत व्यवहार्य तोडगा ठरू शकतो, असे त्यात म्हटले आहे. स्वयंनिर्णयाचा उल्लेखही आहे, आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा तोडग्याचाही. एका ठरावात हे सगळे मावते, ही मुत्सद्द्यांची करामत. व्यवहारात मात्र प्रश्नपत्रिका वाटायच्या आधीच उत्तर फळ्यावर लिहून झाले आहे.

आपल्याला इतिहास सांगायची गरज नाही, पण हे पत्र उघडे आहे आणि आमच्याकडे हा प्रश्न फारसा कुणाला ठाऊक नाही. १९६३ पासून पश्चिम सहारा आपल्याच संस्थेच्या स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत आहे. तिथे राज्य करणाऱ्या स्पेनने १९७४ मध्ये शिरगणती केली, माणसे भरली सुमारे ७४ हजार. सार्वमत घेऊ, असेही सांगितले. मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी हक्क सांगितला, तेव्हा प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेले. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यायालयाने मत दिले की काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे नाते होते, पण स्वयंनिर्णयाच्या आड येईल असे सार्वभौमत्व त्यातून सिद्ध होत नाही. तीन आठवड्यांत राजे हसन दुसरे यांनी साडेतीन लाख लोकांचा ‘हरित मोर्चा’ सीमेपार धाडला, आणि १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये स्पेनने मुलखाचा कारभार दोन शेजाऱ्यांच्या हवाली केला. त्या टेबलाशी तिथले लोक, म्हणजे सहरावी, नव्हते.

पुढे या दोघांशी सहरावींच्या पोलिसारिओ या स्वातंत्र्यवादी संघटनेचे युद्ध. १९७९ मध्ये मॉरिटानिया बाहेर पडला. मोरोक्कोने वाळूची सुमारे २,७०० किलोमीटर लांब भिंत घातली आणि तिच्या कडेने सुरुंग पेरले. हजारो कुटुंबे अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावण्यांत गेली आणि तिथेच राहिली. छावण्यांना त्यांनी मागे सुटलेल्या गावांची नावे दिली: लायून, स्मारा, दाखला. १९९१ मध्ये युद्धबंदी झाली ती एका अटीवर, सार्वमत होणार. त्यासाठीच आपले ‘मिन्युर्सो’ पथक तिथे उतरले. मतदान जानेवारी १९९२ मध्ये व्हायचे होते.

ते का झाले नाही, याचे उत्तर मतदारयादीत आहे, आणि ती यादी आपल्या लोकांनीच केली. ओळख पटवणाऱ्या आयोगाने टोळीप्रमुखांना समोर बसवून, कुळे तपासून, सुमारे दोन लाख अर्जदारांतून ८६,३८६ मतदार नक्की केले. हे १९९९ अखेरचे. लगोलग एक लाख तीस हजारांवर अपिले आली आणि काम ठप्प झाले. मग आपल्या संस्थेचे दूत, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी २००३ मध्ये दुसरी योजना मांडली: आधी चार-पाच वर्षे स्वायत्त कारभार, मग सार्वमत. स्वातंत्र्य, विलीनीकरण किंवा स्वायत्तता, तिन्ही पर्याय खुले. शिवाय १९९९ अखेरपर्यंत येऊन वसलेल्या मोरोक्कन रहिवाशांनाही मताचा अधिकार. पोलिसारिओने कुरकुरत का होईना, ती स्वीकारली. मोरोक्कोने नाकारली. वसाहतीला आलेले आपलेच नागरिक मतदारयादीत असतानाही ज्या सरकारला कौल नको होता, त्याला हरण्याची भीती होती की विचारण्याचीच, हे ज्याचे त्याने ठरवावे. बेकर २००४ मध्ये पायउतार झाले. मोरोक्कोची आजची योजना त्यानंतर तीन वर्षांनी आली.

आता आमच्याकडची हकीकत. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली. मग प्रश्न उभा राहिला: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहायचा? मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा. महाराष्ट्रातली बहुतेक पुढारी मंडळी त्याच बाजूची, आणि खरे सांगायचे तर आमच्या घराघरांतले मतही तेच. तरी कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचे सरकार बाजूला झाले, राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी आमची बाजू पडली.

तो कौल परिपूर्ण नव्हता. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. ते राज्य १९८७ मध्ये आले. मुंबईत पोटापाण्यासाठी राहिलेल्या गोवेकरांना मत नव्हते आणि त्यावरून भरपूर भांडण झाले. पण निकालानंतर महाराष्ट्रातून कुणी सीमेवरचे बांदा ओलांडून मोर्चा नेला नाही. हळहळ झाली, एकमेकांवर खापरे फोडली गेली, आणि विषय संपला. आणखी एक गंमत: त्याच गोवेकरांनी दोन-अडीच महिन्यांत बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. माणूस हवा होता, विलीनीकरण नको होते. ही बारीक निवड कुठल्याही वाटाघाटीच्या खोलीत बसून कुणाला ओळखता आली नसती.

‘भारतीय माणूस सार्वमताची महती सांगतोय, मग काश्मीरचे काय?’ असे आपल्या कार्यालयात कुणी विचारले तर त्यात गैर काही नाही. त्या प्रश्नावर लिहायला वेगळे पत्र लागेल आणि ते न्यूयॉर्कला नव्हे, दिल्लीला जाईल. आमच्या सरकारची पश्चिम सहाराबाबतची वाटही वळणाचीच आहे. १९८५ मध्ये भारताने पोलिसारिओने घोषित केलेल्या सहरावी गणराज्याला मान्यता दिली, २००० मध्ये काढून घेतली.

आपल्याकडे मात्र आपला स्वतःचा दाखला आहे, तो गोव्याहून मोठा. पूर्व तिमोर. हरित मोर्चानंतर जेमतेम महिन्याभराने, ७ डिसेंबर १९७५ ला, इंडोनेशियाने तो मुलूख घेतला. तिथेही एक युरोपीय सत्ता, आपला पोर्तुगाल, पाठ फिरवून गेलेली होती, तिथेही मोठा शेजारी होता, तिथेही जग म्हणत होते की झाले ते झाले. चोवीस वर्षांनी, आपण पोर्तुगालचे पंतप्रधान असताना, ५ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. इंडोनेशिया देऊ करत होता ती विशेष स्वायत्तताच. फरक एवढाच की ती हवी का, हे तिमोरी माणसाला विचारायचे ठरले. ३० ऑगस्टला ७८.५ टक्के लोकांनी नको म्हटले. त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी गावे जाळली. आंतरराष्ट्रीय फौज जावी म्हणून लिस्बनने जीव तोडून प्रयत्न केले, त्यात आपण पुढे होता. तेव्हा आपल्याला कुणीतरी नक्कीच सांगितले असेल की व्यवहार्य तोडगा घ्या, हट्ट सोडा.

स्वायत्ततेला माझा विरोध नाही. सहरावींनी ती स्वखुशीने घेतली तर कुणाला बोलायचे कारण उरणार नाही. पण २००७ ची योजना वाचताना काही ठिकाणी अडखळायला होते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मोरोक्कोची राजधानी राबातकडे, हे समजू शकते. प्रदेशाच्या सरकारचा प्रमुख तिथली विधानसभा निवडणार, पण नेमणूक राजाची. खनिजांच्या उत्पन्नातला प्रदेशाला नेमून दिलेला हिस्सा मिळणार. किती, आणि नेमणार कोण, यावर मौन. त्यात मोरोक्कोच्या २०११ च्या राज्यघटनेचे सातवे कलम जोडून पाहा: प्रादेशिक पायावर राजकीय पक्ष काढता येत नाही, आणि राज्याच्या प्रादेशिक अखंडतेला बाधा आणण्याचा हेतूही पक्षाला ठेवता येत नाही. म्हणजे सहरावींना विधानसभा मिळेल, पण सहरावींचा म्हणून पक्ष काढून ती लढवता येणार नाही. हे कलम बदलणार का, हा प्रश्न आपले दूत स्टाफान दि मिस्तुरा यांनी टेबलावर ठेवायला हवा, आणि पहिल्याच दिवशी.

सहरावी कार्यकर्त्या अमीनातू हैदर यांचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००९ मध्ये लायूनच्या विमानतळावर त्यांनी फॉर्मात आपले राष्ट्रीयत्व मोरोक्कन लिहायला नकार दिला. पासपोर्ट काढून घेऊन त्यांना स्पेनच्या लांझारोटे बेटावर पाठवून दिले. बत्तीस दिवस त्यांनी उपोषण केले, तेव्हा कुठे घरी जाता आले. उद्या स्वायत्तता आली तर तो फॉर्म भरणाऱ्या बाईचे काय होईल? पुढच्याच वर्षी ग्देम इझीकचा सहरावींचा निषेध-तळ सुरक्षा दलांनी उठवला. त्यात अकरा सुरक्षा जवान मेले, ते दुःख खरे आहे. पण नंतरच्या खटल्यातल्या एका आरोपीच्या बाबतीत छळविरोधी नियम मोडले गेल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आपल्याच छळविरोधी समितीने काढला. मिन्युर्सोला मात्र आजही मानवी हक्कांवर नजर ठेवायचा अधिकार नाही. स्वायत्तता खरी आहे की नाही, हे मग तपासणार कोण?

आणि दिलेली स्वायत्तता परत घेतली तर? एरिट्रियाचा कागद आपल्या संग्रहात असेलच. आपल्याच महासभेच्या १९५० च्या ठरावाने एरिट्रिया इथियोपियाशी जोडला गेला: स्वतःची विधानसभा, स्वतःचा झेंडा, सगळे छान. १९६२ मध्ये सम्राट हैले सेलासी यांनी तो संघ मोडून प्रांत करून टाकला. संयुक्त राष्ट्रांनी हूं का चूं केले नाही. युद्ध १९९१ पर्यंत चालले, आणि १९९३ मध्ये अखेर सार्वमत घ्यावेच लागले.

पोलिसारिओ म्हणजे संतांची मांदियाळी असे मी म्हणत नाही. छावण्यांत इतकी वर्षे एकाच संघटनेची सत्ता आहे, तिला आव्हान देणाऱ्यांना तिथे फारशी जागा नाही. मोरोक्कोने लायून आणि दाखल्यात रस्ते, बंदरे, घरे बांधली, हेही खरे. पण पोलिसारिओ म्हणजे सगळे सहरावी नव्हेत आणि रस्ते म्हणजेही सहरावी नव्हेत. तिथल्या बू क्राआच्या खाणीतले फॉस्फेट जवळजवळ शंभर किलोमीटरच्या वाहक पट्ट्यावरून समुद्राकडे जाते, तिथून जहाजांनी जगभर, आमच्याकडच्या खत उद्योगापर्यंतही आलेले आहे. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने मासेमारी आणि शेतमालाचे करार याच कारणावरून बाद ठरवले: पश्चिम सहाराच्या लोकांची संमती घेतली नव्हती. मासळीला संमती लागते, मुलखाला लागत नाही, असे तर परिषदेला म्हणायचे नसेल.

आपली अडचण मी समजू शकतो. २०१६ मध्ये आपले पूर्वसुरी बान की-मून छावण्यांत जाऊन मोकळेपणाने बोलले, तर मोरोक्कोने मिन्युर्सोचे नागरी कर्मचारी हाकलले. परिषदेच्या ठरावाबाहेर आपल्याला जाता येत नाही. पण आपण दहा वर्षे निर्वासितांचे उच्चायुक्त होता, तिंदूफची माणसे त्या काळात आपल्या खात्याकडे होती. मिन्युर्सोची चालू मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि आपली त्याच वर्षअखेरीला संपते. निरोप घेणाऱ्या माणसाला फेरनिवडीची चिंता नसते.

म्हणून मागणे ठरावाच्या चौकटीतच आहे. मोरोक्कोच्या २००७ च्या योजनेत स्वतःच म्हटले आहे की स्वायत्ततेचा मसुदा संबंधित लोकांपुढे मुक्त सार्वमतासाठी ठेवला जाईल. हे वाक्य परिषदेला द्यायच्या अहवालात घाला, आणि ‘संबंधित लोक’ कोण, ते मसुद्याआधी ठरवायला लावा. त्यासाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात नको. ८६,३८६ नावांची यादी आपल्याच संस्थेने केलेली आहे. ती बाहेर काढा. त्यातले जे गेले त्यांची नावे वगळा, भिंतीच्या दोन्ही बाजूंना जन्मलेली त्यांची मुले आणि नातवंडे त्यात घाला. नंतर येऊन वसलेल्या मोरोक्कन रहिवाशांचे काय करायचे, यावर बेकर यांनी एकदा मार्ग काढला होता, तोही तपासा. मतपत्रिकेवर स्वायत्ततेला जागा असू द्या. तिच्या शेजारी दुसरा पर्यायही असू द्या, कारण एकाच चिन्हाच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायला आमच्याकडे १९६७ मध्येसुद्धा कुणी गेले नसते.

आपला,
गोव्याच्या सीमेवरचा एक मराठी वाचक